प्रॉक्समॉक्सवर अकरा महिने: वेबसाइटवाल्याने व्हीपीएस विकायला घेतले तेव्हा

सांगलीत मी नऊ वर्षं वेब होस्टिंग विकतोय. एका मोठ्या पुरवठादाराकडून रीसेलर खातं घ्यायचं आणि त्याचे तुकडे शाळांना, हळदीच्या व्यापाऱ्यांना, तासगावकडच्या द्राक्ष निर्यातदारांना, दोन-चार पतसंस्थांना विकायचे, एवढाच धंदा. दीडशेच्या आसपास वेबसाइट आहेत. निकालाचा दिवस सोडला तर डोक्याला ताप नव्हता. एखाद्या शाळेने निकाल लावला की तासाभरात त्याच सर्व्हरवरची बाकी सगळी गिऱ्हाइकं माझ्या फोनवर. त्यातच २०१९ पासून सीपॅनेलचा, म्हणजे वेबसाइट सांभाळायच्या पॅनेलचा, परवाना खात्यांच्या संख्येप्रमाणे आकारला जाऊ लागला, त्यामुळे दर नव्या वेबसाइटला खर्चही वाढू लागला. तेव्हापासून मनात होतं की जड गिऱ्हाइकांना स्वतःचं वेगळं मशीन द्यावं, म्हणजे व्हीपीएस: एका मोठ्या सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने बनवलेलं स्वतंत्र आभासी मशीन. गेल्या जूनमध्ये ते सुरू केलं.

जुने पण चांगल्या स्थितीतले दोन रॅक सर्व्हर घेतले. प्रत्येकात दोन प्रोसेसर, एकूण ३२ कोअर आणि २५६ जीबी मेमरी. नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ते बसवले. सांगलीहून पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायचा वेळ, पंधरा मिलिसेकंदांच्या आत येतो. टॅली लांबून चालवणाऱ्याला याचं महत्त्व सांगावं लागत नाही. युरोपातल्या स्वस्त सर्व्हरवर त्याचा कर्सर बोटांच्या मागे धावत असतो.

एका सर्व्हरमधून अशी अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे प्रॉक्समॉक्स व्हीई. व्हिएन्नातल्या कंपनीचं, २००८ पासूनचं, डेबियन लिनक्सवर उभं, मुक्त परवान्याचं. पूर्ण व्हर्च्युअल मशीनसाठी केव्हीएम आणि हलक्या कंटेनरसाठी एलएक्ससी, दोन्ही एकाच पडद्यावरून चालतात. वापरायला पैसे पडत नाहीत. एंटरप्राइझ रेपॉझिटरीतून अपडेट हवे असतील तर मात्र प्रोसेसरच्या सॉकेटमागे वार्षिक वर्गणी भरावी लागते. मी सुरुवातीला भरली नव्हती. त्यामुळे लॉगिन केलं की वर्गणी नसल्याची खिडकी उघडायची. एकदा स्क्रीन शेअर करून एका कारखानदाराला डेमो देत होतो, ती खिडकी आली आणि ते म्हणाले, "अहो, तुमचं सॉफ्टवेअर पायरेटेड आहे का?" पुढच्याच आठवड्यात चारही सॉकेटची खालच्या पातळीची वर्गणी भरली. अपडेटपेक्षा त्या प्रश्नासाठीच जास्त.

बसवणं खरंच सोपं आहे, अर्ध्या तासाचं काम. क्लाउड-इनिटचा (नव्या मशीनची माहिती आपोआप भरणाऱ्या साधनाचा) एक साचा करून ठेवला की नवा लिनक्स व्हीपीएस दोन मिनिटांत तयार: नाव, पासवर्ड, आयपी सगळं भरलेलं. पहिल्या दिवशी मी आणि भाचा मिळून उगाचच वीस मशीन बनवली आणि पुसली. भाचा रात्रीचे फोन बघतो. त्याचा धंद्यात वाटा नाही, पगार आहे, आणि तो पुरेसा नाही असं त्याचं मत आहे.

कंटेनर स्वस्त पडतो म्हणून सुरुवातीला तेच विकायचं ठरवलं होतं. महिन्याभरात सोडून दिलं. कंटेनरला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यजमान मशीनचाच (खालच्या खऱ्या सर्व्हरचाच) असतो. गिऱ्हाइकाला डॉकर चालवायचं असतं, कुणाला स्वतःचं व्हीपीएन मॉड्यूल हवं असतं, आणि प्रत्येक वेळी मलाच यजमानावर काहीतरी सैल करावं लागतं. परक्या माणसासाठी ते करण्यात शहाणपण नाही. आता कंटेनर फक्त माझ्या स्वतःच्या कामाला, गिऱ्हाइकाला केव्हीएमच.

आता चुका. सगळ्या माझ्याच आहेत.

पहिल्या मशीनमध्ये झेडएफएस ही डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम घातली आणि त्याखाली पैसे वाचवायला साध्या, घरगुती संगणकातल्या एसएसडी लावल्या. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कच्या यादीत झीज दाखवणारा एक रकाना आहे. चौथ्या महिन्यात तिथे ३१ टक्के दिसले. झेडएफएसवर लिहिणं मुळातच जास्त होतं, त्यात डेटाबेस प्रत्येक व्यवहाराला "आत्ता लिहून टाक" म्हणतो. वीज गेली तरी हातातलं लिखाण वाचवणारे कपॅसिटर ज्या डिस्कमध्ये नसतात, त्यांची अशा कामात दमछाक होते. सर्व्हरसाठीच्या चार डिस्क घेतल्या, आरशातली एकेक काढून बदलली. एकही व्हीपीएस बंद पडला नाही, पण बजेटमध्ये मोठं भोक पडलं. तुम्ही हा धंदा सुरू करणार असाल तर प्रोसेसर जुना घ्या, मेमरी जुनी घ्या, डिस्क मात्र नवी आणि सर्व्हरचीच.

दुसऱ्या मशीनमध्ये हार्डवेअर रेड (RAID) कार्ड होतं, अनेक डिस्क एकत्र चालवणारं. त्याच्यावर झेडएफएस घालू नये म्हणतात, म्हणून तिथे एलव्हीएम-थिन ही जागा वाटायची दुसरी पद्धत. थिन म्हणजे गिऱ्हाइकाला १०० जीबी विकले तरी तो जितकं लिहील तितकीच जागा खर्च होते. हे भिशीसारखं आहे: सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे मागितले नाहीत तोवर ठीक. माझ्या पूलची, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्याची, जागा १.७ टीबी होती आणि मी विकले होते ३ टीबीच्या वर. तरी चाललं असतं, पण फेब्रुवारीत एका अपडेटआधी काढलेले स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती) पुसायचे राहिले. स्नॅपशॉट जुने ब्लॉक धरून ठेवतो, नवं लिखाण वेगळीकडे होतं, पूल आतून फुगत राहतो.

२८ मार्चच्या रात्री साडेनऊला एका सीए साहेबांचा फोन. "अहो, टॅली हलत नाहीये. आठ पोरं बसलीत माझ्या ऑफिसात." मार्चअखेर. मी पडद्यावर बघतो तर दुसऱ्या मशीनवरच्या अकरा व्हीपीएसवर पिवळे त्रिकोण, आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवर लिहिता येत नाही. पूल १०० टक्के. प्रॉक्समॉक्सने त्या मशीनना थांबवून ठेवलं होतं, मारलं नव्हतं. हे नंतर कळलं. त्या क्षणी वाटलं सगळं गेलं. भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, स्नॅपशॉट बघ ना आधी." पुसले, जागा सुटली, एकेक मशीन पुन्हा चालू केलं. पाऊण तास गेला. दोन लिनक्स मशीनच्या फाइल सिस्टिम तपासाव्या लागल्या, डेटा कुणाचाच गेला नाही. साहेबांना त्या महिन्याचं बिल माफ केलं.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. प्रत्येक आभासी डिस्कवर डिस्कार्डची खूण लावली, म्हणजे आत पुसलेली जागा पूलला परत मिळते (ती खूण मुळात रिकामी असते). पूल ७५ टक्क्यांना पोहोचला की फोनवर संदेश येतो. आणि स्नॅपशॉटला तीन दिवसांची मुदत, भिंतीवर कागद चिकटवून.

यंत्र एकदा समजलं की नीट चालतं. माणसं तशी नाहीत. शेअर्ड होस्टिंगमध्ये गिऱ्हाइकाच्या हाती फारसं काही नसतं, त्यामुळे त्याला बिघडवताही येत नाही. व्हीपीएसमध्ये रूट पासवर्ड, म्हणजे सगळ्या अधिकारांची किल्ली, त्याच्याकडे जातो आणि दोष मात्र माझ्याकडे येतो. एकाने नेटवर्कच्या फाइलमध्ये स्वतःच्या मनाने शेजाऱ्याचा आयपी टाकला, शेजारी दिवसभर अधूनमधून गायब. प्रॉक्समॉक्सच्या फायरवॉलमध्ये प्रत्येक मशीनला त्याच्याच आयपीपुरतं बांधून टाकायची सोय आहे, पण ती आपण होऊन चालू नसते. दुसऱ्याने रूटचा पासवर्ड स्वतःच्या दुकानाचं नाव ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याचे चारही कोअर कुणासाठी तरी क्रिप्टो नाणी खणत होते. तिसऱ्याने मार्केटिंगचे हजारो ईमेल पाठवले आणि माझा आयपी काळ्या यादीत गेला, तो सोडवायला आठवडा. आता ईमेल बाहेर पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट सगळ्यांना बंद, अर्ज करून कारण सांगणाऱ्यालाच उघडतो. विंडोजवाल्यांचा रिमोट डेस्कटॉप ठरावीक आयपी किंवा व्हीपीएनमधूनच. यावर कुरकुर होते. होऊ दे.

आयपीची, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची, टंचाई खरी आहे. आपल्या विभागाचा आयपीव्ही४ चा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला होता, तेव्हापासून पत्ता हा भाड्याने मिळणारा माल आहे. मी आधी १६ चा गट घेतला, त्यातले तीन नेटवर्क, गेटवे आणि ब्रॉडकास्टला जाऊन १३ उरले. मग ३२ चा, त्यातले २९. मेमरीआधी माझे आयपी संपणार, हे धंदा सुरू करण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांबद्दल छोटे होस्टिंगवाले फारसं बोलत नाहीत. व्हीपीएस देणाऱ्याने गिऱ्हाइकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, कोणत्या काळासाठी आणि कशासाठी घेतलं, कोणता आयपी दिला, हे सगळं नोंदवायचं आणि गिऱ्हाईक गेल्यावरही पाच वर्षं ठेवायचं. लॉग १८० दिवस. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. घड्याळं सरकारी वेळेशी जुळवलेली हवीत. मी पहिल्या दिवसापासून पॅन किंवा जीएसटी नोंदणी आणि फोनची पडताळणी केल्याशिवाय मशीन देत नाही. "केवायसी नको, यूएसडीटीमध्ये (क्रिप्टो नाण्यात) पैसे देतो" असे व्हॉट्सअॅप महिन्याला दोन-तीन येतात. उत्तर देत नाही. विंडोजचंही तसंच: दुकानातून आणलेला परवाना भाड्याच्या मशीनवर टाकून विकता येत नाही, सेवा देणाऱ्यांचा वेगळा मासिक परवाना लागतो. त्यामुळे माझा विंडोज व्हीपीएस महाग दिसतो. शेजारच्या गल्लीत तो निम्म्या दरात मिळतो, कसा ते मला विचारू नका.

सगळ्यात समाधान दिलं ते प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरने. तो वेगळा, पण फुकटच. एक जुना संगणक माझ्या सांगलीच्या ऑफिसात ठेवलाय, दुसऱ्या मजल्यावर. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरच्या दुकानात पाणी शिरलं होतं, तेव्हापासून पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी बघितल्याशिवाय झोप येत नाही, आणि किमती वस्तू खाली ठेवायच्या नाहीत हा घरचा नियम आहे. पहिला पूर्ण बॅकअप फायबरवरून यायला पाच दिवस लागले. त्यानंतर चालू मशीनचे फक्त बदललेले ब्लॉक येतात, एकसारखे ब्लॉक एकदाच साठवले जातात, आणि रोजचं काम पहाटेपर्यंत उरकतं. एका निर्यातदाराच्या मुनिमाने एक्सेलची एक फाइल उडवली होती. अख्खं मशीन न उतरवता बॅकअपमध्ये शिरून तेवढीच फाइल काढून दिली. त्या दिवशी त्या माणसाने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं वेबसाइट बनवून नऊ वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

जे नाही ते सांगतो. बिलिंग नाही, गिऱ्हाइकाला देण्याजोगं सुटसुटीत पॅनेल नाही. मर्यादित हक्काचं लॉगिन देता येतं, पण प्रॉक्समॉक्सचा पडदा ज्यावर उघडतो तो ८००६ पोर्ट जगाला उघडा करायची माझी तयारी नाही. त्यामुळे चालू-बंदचं काम भाचा फोनवर करतो. तीसेक मशीनला चालतं, तीनशेला चालणार नाही. दोनच नोडचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या दोनच सर्व्हरचा गट, अडचणीचा: एक पडला की दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही. तिसरं मत म्हणून सांगलीचा बॅकअप संगणकच जोडलाय. इथलं नेट गेलं तरी मुंबईची दोन मतं पुरतात.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याकडे व्हीएमवेअरवरचं (याच कामाच्या विकतच्या सॉफ्टवेअरवरचं) जुनं मशीन होतं. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचे परवाने विकणं बंद झालं, तेव्हापासून ते पर्याय शोधत होते. प्रॉक्समॉक्समधल्या आयात विझार्डने ते मशीन त्यांच्या ऑफिसातल्या एका संगणकावर एका रविवारी उतरवलं. आधी व्हर्टआयओचे, म्हणजे आभासी डिस्क आणि नेटवर्क ओळखणारे, ड्रायव्हर टाकून घेतले होते, म्हणून विंडोज पहिल्याच फटक्यात उठलं.

हिशेब. आज ३४ व्हीपीएस चालू आहेत. निव्वळ मशीनचं भाडं महिन्याला सत्तावीस हजारांच्या आसपास, जीएसटी सोडून. यातल्या बारा जणांनी "सांभाळासह" घेतलंय: अपडेट, बॅकअप, फायरवॉल आमच्याकडे, वर ९०० रुपये. जागेचं भाडं, आयपी, वीज जाऊन जे उरतं ते बहुतेक या बारांमुळे. आणि त्यांचेच फोन सर्वांत कमी येतात. सुरुवातीचं भांडवल अजून फिटलेलं नाही, नव्या डिस्कनी ते आणखी लांबवलं. आता नवीन गिऱ्हाईक आलं की मी आधी सांभाळाचा दर सांगतो, नुसत्या मशीनचा विचारल्यावरच.

प्रॉक्समॉक्सच्या आवृत्ती ८ चा पाठिंबा ऑगस्ट २०२६ पर्यंतचा. पहिलं मशीन ९ वर गेलं, काही मोडलं नाही. दुसऱ्याचं काम जूनच्या दुसऱ्या रविवारी रात्री ठरलंय. सीए साहेबांना कळवलं तर म्हणाले, "रात्री करा की दिवसा, फक्त जुलैत नको." रिटर्नचा हंगाम.