साउंडबॉक्सचं भाडं आणि माझं मत

ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घरगुती खाऊचं दुकान आहे. चकली, भाजणी, पातळ पोह्यांचा चिवडा, डिंकाचे लाडू, सणावाराला पुरणपोळी. दुकान २०११ पासूनचं, गल्ल्यावर क्यूआर कोड २०१७ पासून आणि जमा झालेली रक्कम बोलून सांगणारा साउंडबॉक्स, म्हणजे आमच्या भाषेत पेटी, गेली दोन वर्षं. कोणी नवीन दुकानदार साउंडबॉक्स घ्यायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहिते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीत तीन दुकानांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या आहेत आणि मला जो त्रास झाला तो थोड्याफार फरकाने तिघांनाही झालेला आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. चकल्या पाडताना माझे दोन्ही हात मनगटापर्यंत पीठ-तेलाने भरलेले असतात. सोऱ्या हातात असताना दर गिऱ्हाइकाला हात धुऊन मोबाइल बघणं शक्यच नसतं. पेटी आली आणि तो खोळंबा संपला. आत भट्टीपाशी उभी असले तरी "ऐंशी रुपये मिळाले" ऐकू येतं. मी "घ्या हो" म्हणते आणि गिऱ्हाईक पुडी उचलून निघतं.

खरा फरक पडला तो सासूबाईंना. वय ८१. सकाळी दहा ते साडेबारा गल्ल्यावर त्याच बसतात आणि ती जागा त्यांनी कधी सोडली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी मोबाइलवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. पूर्वी गिऱ्हाईक स्क्रीन पुढे धरायचं, "आजी, गेले बघा पैसे," आणि त्या मान हलवायच्या. महिन्याला दोन-तीन पुड्यांचे पैसे आलेलेच नसायचे, ते मला रात्री हिशेब जुळवताना कळायचं. त्यांना सांगायची सोय नव्हती, मनाला लावून घेतलं असतं.

मागच्या गणपतीत एका मुलाने खोबऱ्याच्या वड्यांचे दोन डबे घेतले आणि मोबाइलवरची हिरवी खूण दाखवली. सासूबाईंनी डब्यांवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बाळा, पेटी बोलली नाही अजून." तो दोन मिनिटं उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं, "नेटवर्क नाहीये" म्हणाला आणि डबे तिथेच ठेवून निघून गेला. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीन दाखवणारी ॲप्स निघाली आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. पेटी बोलली की माल द्यायचा, एवढं त्यांनी पक्कं धरलं होतं. त्या दिवशी त्यांनी दुपारी जेवताना हा प्रसंग तीनदा सांगितला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या वस्तूला पैकीच्या पैकी गुण देईन.

बाकी यंत्र म्हणून ठीक आहे. आत स्वतःचं सिमकार्ड आहे, त्यामुळे माझा मोबाइल घरी राहिला तरी अडत नाही. चार्जिंग आमच्या वापराला तीन दिवस टिकतं. एक बटण दाबलं की शेवटची रक्कम पुन्हा बोलते, आणि गर्दीत तेच बटण सगळ्यात कामाला येतं. पावसाळ्यात नेटवर्क गेलं की पेटी गप्प बसते आणि दहा मिनिटांनी चार-पाच रकमा एकदम बोलून टाकते. तोवर कोणी काय दिलं याचा पत्ता लागत नाही. हा दोष मोठा आहे, पण पैसे बुडत नाहीत.

आता भाडं. महिन्याला १२५ रुपये. ते जास्त आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागचं टक्केवारीतलं शुल्क, घ्यायचा नाही, असा केंद्राचा नियम आहे. गिऱ्हाइकाने १२० दिले की माझ्या खात्यात १२० येतात. कार्डाच्या मशीनवर तसं नव्हतं. मग कंपनीने माझ्याकडून कमवायचं कशातून? भाड्यातून, आणि पुढेमागे कर्ज विकून. आठवड्यातून एकदा "तुम्हाला दोन लाखांचं कर्ज मंजूर" असा फोन येतोच. पेटी चालते, कोणी तरी ती चालवतं, त्याचे पैसे द्यायला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती पैसे कापून घेण्याच्या पद्धतीला. गेल्या दिवाळीत दुकानाबाहेर टेबल मांडून दुसरं काउंटर केलं होतं. त्यासाठी दुसरी पेटी घेतली, भाडं १४९. घ्यायला पाच मिनिटं लागली. कंपनीचा मुलगा आला, आधार बघितलं, ओटीपी घेतला, पेटी सुरू. भाऊबीज झाल्यावर त्याच मुलाला बोलावून ती परत दिली. त्याने पेटी आणि वायर पिशवीत टाकली, "काकू, सिस्टीममध्ये बंद करतो," म्हणाला. मी पावती मागितली नाही. ती चूक माझी.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्री हिशेब करताना दिवसाचे यूपीआयचे ६,८४० होते आणि सकाळी खात्यात आले ६,६९१. मागे जाऊन बघितलं, तर नोव्हेंबरातही १४९ कापलेले. जानेवारीतही कापले. एकूण ४४७ रुपये, जी पेटी माझ्याकडे नाहीच तिचे. फोन केला तर आधी भाषा निवडा, मग कर्ज हवं असेल तर एक दाबा. ॲपमधल्या चॅटवर तीच चार उत्तरं फिरून फिरून. "भाडं बंद करा" असा पर्याय कुठेच नाही, "नवीन पेटी मागवा" मात्र पहिल्याच पानावर. शेवटी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधून, बँकेच्या स्टेटमेंटवर तिन्ही ओळींना खूण करून पाठवलं. उत्तर यायला अकरा दिवस लागले. २९८ परत आले. नोव्हेंबरच्या १४९ बद्दल म्हणाले, "पेटी आमच्याकडे उशिरा जमा झाली."

रक्कम लहान आहे, मला माहीत आहे. पण १४९ रुपये म्हणजे माझ्या दुकानात चकल्यांच्या पाव-पाव किलोच्या दोन पुड्या. त्या मी पहाटे उठून केलेल्या असतात.

माझी मुलगी ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. तिने मला नीट समजावलं तेव्हा खरी मेख कळली. कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून दरमहा पैसे जाणार असतील तर रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कापायच्या किमान २४ तास आधी कळवायचं आणि ग्राहकाला ते कधीही बंद करता आलं पाहिजे. माझं भाडं त्या वाटेने जातच नाही. गिऱ्हाइकांनी दिलेले पैसे आधी कंपनीकडे जमा होतात, त्यातून भाडं वळतं करून उरलेले माझ्या खात्यात येतात. पैसे माझ्या हातात पडायच्या आधीच कापले गेले, तर मी परवानगी मागे घ्यायची कशी? कोणी २४ तास आधी कळवायचं? दार समोरून बंद केलं आणि मागची खिडकी सताड उघडी, असा हा प्रकार आहे.

आणि कायदा अगदीच नाही असंही नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. एक नेमका हाच: सेवा सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवायचं. मी दुकानदार आहे, पण २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणाऱ्यालाही ग्राहक धरलं जातं. हे कळल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. तिकडची बाई मराठीत बोलली, नीट ऐकून घेतलं, तक्रारीचा क्रमांक दिला. ज्यांना असा त्रास होतोय त्यांनी हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

याच दिवसांत आमच्याकडे महापालिकेची निवडणूक होती. २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान, जवळजवळ नऊ वर्षांनी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उमेदवार दुकानात यायचे, सासूबाईंच्या पाया पडायचे, चिवड्याची पुडी विकतही घ्यायचे. मी प्रत्येकाला भाड्याचं सांगितलं. दोघांनी पाणी आणि पार्किंगचं आश्वासन दिलं. एक तरुण उमेदवार प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, हे आमच्या हातात नाही, हे दिल्लीचं काम." खरंच आहे ते. यूपीआय रिझर्व्ह बँक आणि ते चालवणाऱ्या एनपीसीआयकडे, जीएसटी परिषदेकडे, नगरसेवकाकडे यातलं काहीच नाही. पण मत मागायला माझ्या दारात येतो तो हाच, रिझर्व्ह बँक येत नाही. याच्याकडून वर निरोप जाणार नसेल तर तो कोणाकडून जायचा?

मतदानाच्या रांगेत पाऊण तास होते, चार बटणं दाबायची म्हणून रांग हळू सरकत होती. आमच्या इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, सगळं फुकट ठेवलं म्हणून कंपन्या असं मागच्या दाराने घेतात. मोठ्या दुकानांना थोडा एमडीआर लावावा, लहानांना माफ ठेवावा. मला ते पटलं. भाजीवाल्या मावशींना कुठलाच नियम नको. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून लहान दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, कित्येकांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या, ते त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. "नियम म्हणजे नोटीस," त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. मालाच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे, माझी वर्षाची उलाढाल २५ लाखांच्या आत, तुमची तर आणखी कमी. त्यांनी ऐकलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती गेली नाही. पाटी लावून क्यूआर काढून टाकलेली बाई उद्या खोट्या नोटा घेऊन बसेल, हे मला रांगेत उभं राहून दिसत होतं. ही भीती घालवणं हेही सरकारचंच काम आहे.

मागे उभा असलेला डिलिव्हरीचा मुलगा वेगळंच बोलला. त्याला कंपनी बंद व्हायला नको, दहा मिनिटांत सामान पोचवायचं दडपण नको आणि पाय मोडला तर कोणी तरी बघावं, एवढंच. त्यावर कोणीच वाद घातला नाही. मेडिकलवाले दादा एरवी घरपोच कंपन्यांवर चिडलेले असतात, तेही गप्प राहिले.

मला त्या रांगेत जे जाणवलं ते टीव्हीवरच्या चर्चेत ऐकू येत नाही. तंत्रज्ञान नको, असं एकही माणूस म्हणाला नाही. भाजीवाल्या मावशीसुद्धा मोबाइलवर रेल्वेचा पास काढतात. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं: पैसे कोण कापतंय, का कापतंय आणि थांबवायचं कुठे? मी ज्याला पुढचं मत देईन त्याने निदान हा प्रश्न वर पोचवावा. भाडं गिऱ्हाइकांच्या जमा पैशांतूनच कापायचं असेल तर त्यालाही ऑटोपेचेच नियम लावा: आधी कळवा, आणि बंद करायचं बटण सुरू करायच्या बटणाशेजारी ठेवा. यात कुणाचं नुकसान आहे?

आता पेटी घ्यावी का? घ्या. विशेषतः गल्ल्यावर वयस्कर माणूस बसत असेल तर जरूर घ्या. पण घेताना भाड्याचा आकडा आणि कापण्याची तारीख लिहून घ्या, परत देताना पेटीच्या मागचा नंबर आणि नेणाऱ्या मुलाचा फोटो काढा, सही घ्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिवसाची बेरीज खात्यातल्या रकमेशी ताडून बघा. मी पेटीला पाचपैकी साडेचार देते आणि कंपनीच्या सेवेला दोन.

नोव्हेंबरचे १४९ अजून आलेले नाहीत. तक्रारीचा क्रमांक मी कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, दर सोमवारी दुकान उघडल्यावर बघते. सासूबाई विचारतात, "बोलली का गं पेटी?" मी सांगते, अजून नाही.