केंट स्टेटचं ४ मे केंद्र: आधी पार्किंग बघा, मग संग्रहालय

मुलाकडे ओहायोला निघालात की आमच्या बडोद्याच्या डांडिया बाजारातला प्रत्येक जण नायगारा सुचवतो. मी केंट सुचवते, म्हणजे तिथलं केंट स्टेट विद्यापीठ. क्लीव्हलँडहून गाडीने तासाच्या आत पोचता, तिकीट नाही.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सनने कंबोडियात सैन्य घुसवलं, त्याविरुद्ध निदर्शनं चालू असताना ४ मे १९७० ला नॅशनल गार्डने (राज्याच्या राखीव सैन्याने) इथे विद्यार्थ्यांवर १३ सेकंद गोळ्या झाडल्या. चौघे गेले, नऊ जखमी झाले. टेलर हॉलमधल्या केंद्रात हे सगळं नीट मांडलंय. दुसऱ्या दालनातल्या फिल्मला नातवंडांना नेऊ नका.

पण खरी जागा बाहेर, प्रेंटिस हॉलच्या पार्किंगमध्ये. जो जिथे पडला तेवढा गाडीएवढा चौकोन बुटक्या दिव्यांच्या खांबांनी अडवलाय, आत नावाचा दगड. शेजारी गाड्या लागतात, पोरं दप्तरं घेऊन जातात. त्या चौघांतली सँड्रा शॉयर निदर्शनात नव्हतीच, तासाला चालली होती; गार्ड्सपासून जवळजवळ ४०० फुटांवर. दगड बघून मागे वळून, जिथून गोळ्या झाडल्या ती टेकडी बघा, मग ते अंतर कळतं.

माझा जन्म बडोद्यात विद्यापीठाच्या कचेरीत फायली हलवण्यात गेला, त्यामुळे माझी नजर तारखांवर. १९७५ नंतर केंट स्टेटने स्मृतिदिनातून अंग काढून घेतलं. मुलांनीच गट काढून तो चालू ठेवला. १९७७ मध्ये विरोध मोडून गोळीबाराच्या जागेच्या काही भागावर व्यायामशाळा बांधायला घेतली. स्मारक १९९० ला. हे चार चौकोन तर १९९९ ला अडवले, तोवर तिथे खुशाल गाड्या लागत होत्या! जखमींच्या खुणा २०२१ मध्ये. कारभार कुठलाही असो, फाईल अशीच सरकते.

३ मेच्या रात्री मेणबत्त्या घेऊन फेरी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२.२४ पर्यंत, म्हणजे गोळीबाराच्या वेळेपर्यंत, या चौकोनांत पाळीपाळीने कुणीतरी उभं राहतं. जमलं तर तेव्हाच जा.

ग्रॅनाइटचं स्मारक मला जरा थंड वाटलं. व्हिएतनामात मेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी टेकडीवर ५८,१७५ डॅफोडिलचे कंद लावलेत, ती कल्पना मात्र आवडली. तिथल्या मेलेल्या व्हिएतनामींसाठी एखादा वाफा असता तर आणखी आवडली असती. त्याचा अर्धा तारा कापला. पाचपैकी साडेचार.

फुलं एप्रिलमध्ये असतात. सुट्टीच्या दिवशी केंद्राची वेळ आधी बघून निघा. पार्किंगला कुलूप नाही.