चौथ्या दिवशी उजळलेला चेहरा

नाशिकच्या कॉलेज रोडला परत 'मोफत त्वचा तपासणी'चे बोर्ड लागलेले दिसले, म्हणून आज बसून हे लिहितेय. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये अशाच एका ठिकाणी माझे साडेचौदा हजार रुपये गेले. पैशांचं वाईट वाटतंच, पण चेहऱ्याचं जे झालं त्याचं जास्त वाटतं. आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून मामेबहीणही त्यात ओढली गेली, त्याचं सगळ्यात जास्त.

माझा चेहरा नववी-दहावीपासून तेलकट. इंदिरानगरहून स्कूटीवर सातपूरला ऑफिसात पोचेपर्यंत कपाळ आणि नाक चकचकायला लागायचं. आई म्हणायची तळलेलं बंद कर, मावशी म्हणायची मुलतानी माती लाव. मी दिवसातून पाच-पाच वेळा साबणाने तोंड धुवायची. कातडी ताणल्यासारखी व्हायची, गालांवर पापुद्रे सुटायचे, तेल मात्र तासाभरात हजर. त्यात घरात स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि प्रत्येक फोटोत कपाळावर लाइट चमकायचा. अशा वेळी माणूस ऐकायच्याच तयारीत असतो.

त्या तपासणीच्या ठिकाणी पांढरा कोट घातलेली एक मुलगी होती. तिने माझ्या नाकावर पातळ कागद दाबला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. कागदावर तेलाचा आरपार डाग. मग पेनासारखं एक यंत्र गालाला लावलं, आकडा आला 78. "ताई, ग्रंथी सुजल्यात. आत्ता थांबवलं नाही तर चेहऱ्यावर खड्डे पडतील. आमच्या कोर्सने सहा महिन्यांत तेल कायमचं बंद होतं." एप्रिल महिना, दुपारचे दोन वाजलेले, मी उन्हातून आलेली. त्या वेळी कुणाच्याही नाकाला कागद लावला असता तरी डाग पडलाच असता. हे तेव्हा सुचलं नाही.

पॅकेज बावीस हजारांचं, 'आजच्या दिवसापुरतं' साडेचौदा. पैसे यूपीआयने, तेही एका माणसाच्या खासगी खात्यावर आणि तीन तुकड्यांत. बिल मागितलं तर म्हणे, "बिल पाहिजे असेल तर 18 टक्के जीएसटी वेगळा पडेल." मी गप्प बसले. एका चिठोऱ्यावर रक्कम लिहून दिली, त्यावर ना शिक्का ना सही. सोबत फेसवॉशची बाटली आणि रात्री लावायची क्रीमची पांढरी डबी. डबीच्या झाकणावर सोनेरी पट्टी होती, बाकी काही म्हणजे काहीच छापलेलं नव्हतं. "आमचं स्वतःचं फॉर्म्युलेशन आहे, म्हणून," असं सांगितलं.

चौथ्या दिवशी आरशात बघून मी खूश झाले. लाली गेलेली, पुटकुळ्या बसलेल्या, रंग उजळलेला. ऑफिसात दोघींनी विचारलं काय लावतेस. पुढच्या रविवारी मी मामेबहिणीला घेऊन गेले. तिची त्वचा कोरडी, थंडीत गाल फुटतात तिचे. तिच्याही गालाला यंत्र लावलं आणि आकडा आला 78. मी शेजारी उभी होते, मला तो दिसला, तरी मी एक शब्द बोलले नाही. तिने साडेसहा हजार भरले.

दोन महिन्यांनी सीबीएसच्या सिग्नलला उभी असताना गालांची आग सुरू झाली, मिरची चोळल्यासारखी. मग ते रोजचंच झालं. एक रात्र क्रीम राहिली की सकाळी तोंड लालबुंद. गालांवर केसासारख्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि कपाळ-हनुवटीवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्यांचं पीक आलं. फोन केला तर उत्तर मिळालं, "आतली घाण बाहेर पडतेय, डोस वाढवा." मी 3,200 ची अजून एक डबी घेतली. जुलैत गेले तेव्हा शटर बंद होतं आणि नंबर लागत नव्हता.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी चेहरा भिंगातून पाहिला आणि डबी हातात घेऊन विचारलं, "यावर बनवणाऱ्याचं नाव कुठे आहे?" आत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेतच कळेल, पण लक्षणं सगळी स्टेरॉइडची आहेत, असं त्यांनी सांगितलं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधं अशा क्रीममध्ये सर्रास सापडतात. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, म्हणून चार दिवसांत चेहरा उजळ दिसतो. लावत राहिलं की कातडी पातळ होते, शिरा दिसतात, मुरुम येतात, कधी चेहऱ्यावर लव वाढते. थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं, म्हणून सोडवतही नाही. इतक्या जणांना हे होतं की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलंय. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडची 14 मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नाव नसलेल्या डबीला मात्र कुणाची चिठ्ठी लागत नाही. काही गोऱ्या करणाऱ्या क्रीममध्ये तर पारा असतो आणि त्याने मूत्रपिंडं बिघडतात.

आणि तेलाचं? डॉक्टरांनी सांगितलेलं मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. त्वचेतल्या तैलग्रंथी हे तेल बनवतात. कपाळ, नाक, हनुवटीवर त्या जास्त दाट असतात. किती तेल बनवायचं ते मुख्यतः हार्मोन आणि आनुवंशिकता ठरवतात, उकाड्यात चेहरा आणखी तेलकट होतो. तो आजार नाही. वरून लावायच्या कुठल्याही क्रीमने ते कायमचं बंद होत नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी ते खूप कमी होतं, पण त्या तीव्र मुरुमांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. गर्भारपणात तर त्या अजिबात चालत नाहीत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

मला आता काय सांगितलंय, तर सौम्य फेसवॉशने दिवसातून दोनदाच तोंड धुवायचं, वर तेल नसलेलं हलकं जेल मॉइश्चरायझर आणि दिवसा जेल सनस्क्रीन. तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतो, हे मला पटायला वेळ लागला. छिद्रं बुजू नयेत म्हणून सॅलिसिलिक अ‍ॅसिडही वापरतात, पण माझी कातडी सावरल्यावरच ते सुरू केलं. दुपारी तेल आलं की टिपकागदाने टिपते, चोळत नाही. सगळं मिळून महिन्याला सातशे-आठशे रुपये. चेहरा जागेवर यायला आठ महिने लागले, डाव्या गालावरच्या शिरा अजून आहेत.

तुमच्याकडे अशी डबी असेल तर एकदम बंद करून घरगुती उपाय करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आडगावच्या मेडिकल कॉलेजला त्वचारोग विभाग आहे. खासगीत जात असाल तर डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. पांढरा कोट कुणालाही शिवून मिळतो. कुठल्याही क्रीमवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक छापलेले असायलाच हवेत. नसतील तर ती चेहऱ्याला लावू नका. पैसे देताना बिल घ्याच, जीएसटी पडला तरी चालेल. माझ्याकडे बिल नव्हतं, म्हणून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवताना हातात फक्त यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो चिठोरा होता.

माझी दुसरी डबी मी टाकलेली नाही. तळाशी बोटभर क्रीम उरलंय. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, तारीख लिहून कपाटात ठेवलंय. मामेबहिणीचीही तशीच ठेवलीय. दोन्ही डब्या तक्रारीसोबत एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) कार्यालयात द्यायच्या आहेत. मागच्या एप्रिलमध्ये तिथे गेलेलं आणखी कुणी हे वाचत असेल तर आपली डबी फेकू नका.