‘बोर्ड गेलाय’ म्हणून सबवूफर नेला, परत आला तो आतून बदलून

आमचं घर देवगडजवळ, चिऱ्याच्या भिंतींचं. आण्णांना भजनाचं वेड. पखवाजाचा डावा हात घुमला नाही तर त्यांना भजन ऐकल्यासारखं वाटत नाही. म्हणून यंदा आंब्याचे पैसे हातात आल्यावर मी २८ हजारांचा दहा इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालचा खर्ज वाजवणारा स्पीकरचा बॉक्स, घेतला. दुकानदाराने बसवायला ओळखीतला माणूस पाठवला.

त्याने बॉक्स दाराशेजारच्या कोपऱ्यात ठेवला, वायर जोडली, दोन बटणं फिरवली आणि गेला. कोपऱ्यात उभं राहिलं की छाती धडधडायची, आणि आण्णांच्या खुर्चीत बसलं की खालचा खर्ज गायब. त्याला परत बोलावलं. बॉक्सला कान लावून, मागे टॉर्च मारून तो म्हणाला, "भाऊ, खाऱ्या हवेनं आतला सर्किट बोर्ड गेलाय. समुद्राकाठी हे होतंच. कंपनीत पाठवलात तर गणपतीपर्यंत परत मिळणार नाही, मी करून देतो."

खाऱ्या हवेने पत्रे, बिजागऱ्या, टीव्हीसुद्धा खाल्लेला आम्ही पाहिलाय, त्यामुळे लगेच पटलं. तीन आठवड्यांत बोर्ड कसा जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बारा दिवसांनी बॉक्स परत आला. दुरुस्तीचे ९,५०० आणि ‘स्पेशल’ केबलचे २,२०० फोनवरून दिले. बिल मागितलं तर म्हणाला, नंतर पाठवतो. ते आजतागायत आलेलं नाही. आवाज मात्र दणदणीत वाटला, कारण त्याने व्हॉल्यूमचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं.

गणपतीत आण्णांनी भजन लावून आवाज चढवला आणि बॉक्समधून फट्‌फट् सुरू झालं. पुण्याहून आलेला भाचा साऊंडचंच काम करतो. त्याने पुढची जाळी काढली. दोन बोल्टांची डोकी घासलेली, कडेला पिवळट गोंद ओघळलेला. स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे पुढच्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेवर त्याने बोट फिरवलं तर बोटाला काळा भुगा चिकटला. कडेचा जुना फोम असा कुजतो. मी बॉक्स उघडताना हौसेने फोटो काढले होते, त्यात तीच कड चकचकीत काळ्या रबराची दिसते. म्हणजे नवा स्पीकर काढून जुना डकवला होता. बाहेरचा सिरियल नंबर तोच, म्हणून आम्हाला काहीच कळलं नाही.

आणि मुळात बिघाड नव्हताच, हे मला जास्त लागलं. आमची खोली सोळा फूट लांब. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्या हिशोबाने या लांबीत ३५ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन्ही भिंतींपाशी साचतो आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आण्णांची खुर्ची मध्यावरच. शिवाय रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या यंत्रात, क्रॉसओव्हर (सबवूफरकडे कुठपर्यंतचा खालचा आवाज पाठवायचा ती सीमा) ८० हर्ट्झवर असताना त्या माणसाने बॉक्सचं तेच बटणही ५० वर ठेवलेलं. एकावर एक दोन गाळण्या, पखवाजाचा भरीवपणा मधेच अडकत होता.

भाच्याने सबवूफर उचलून खुर्चीच्या जागी ठेवला, एक भजन लावलं आणि गुडघ्यांवर भिंतीकडेने फिरत जिथे खर्ज गोल आणि सारखा ऐकू आला तिथे खडूने खूण केली. बॉक्स त्या जागी नेला, मागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत उघडलं, फेजचं (पडद्याची हालचाल उलटसुलट करणारं) बटण शून्य आणि १८० असं दोन्हीकडे करून खुर्चीतून जास्त भरलेलं ऐकू आलं तिथे सोडलं. खुर्ची दोन फूट मागे. अर्धा तास, फुकट.

त्यामुळे सांगतो, आवाज पटला नाही तर आधी बॉक्स आणि खुर्ची हलवून बघा. वॉरंटी असताना बॉक्स कुणाच्या गाडीत चढवू नका. आतला स्पीकर, बोल्ट, मागची पाटी यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा. त्या फोटोंमुळेच मला बोलायला तोंड आहे.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी स्पीकर त्यांचा नाही असं लिहून दिलं आणि बॉक्स उघडल्यामुळे वॉरंटीही नाकारली. दुकानदार हात वर करतो, तो माणूस फोन उचलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. फोटो, पैसे दिल्याच्या नोंदी आणि सर्व्हिसचं पत्र एका फाईलीत लावून ठेवलंय. आण्णा सध्या लहान स्पीकरवरच भजन ऐकतात.