आग्रा रोडजवळचं जुन्या तबकड्यांचं दुकान, धुळे

दोनशे रुपयांत क्लोद दब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या पियानोची तबकडी मिळाली. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यानं जावाचं गॅमेलान, म्हणजे धातूच्या घंटा-पट्ट्यांचा वाद्यमेळ, ऐकलं. १९०३ च्या ‘पागोद’ या रचनेत ते पियानोवर उतरलं: पाच सुरांभोवती फिरणारी चाल, खाली घंटेसारखा लांबणारा खर्ज, वर झरझर धावणारे बारीक सूर. त्यानं नुसती चाल उचलली नाही, ऐकण्याची रीतच घेतली. मला हे फार मोठं वाटतं. आजी कानबाई देवीची अहिराणी गाणी म्हणायची, तीही मोजक्याच सुरांत. ऐकताना तीच आठवली.

दुकानदार काकांनी विकण्याआधी अख्खी बाजू वाजवून दाखवली. दुसऱ्या बाजूवरचा चराही त्यांनीच दाखवला. पाकीट मात्र फाटकं आहे. सकाळी जा, निवांत ऐकायला मिळतं.