ट्रेनरचे प्रमाणपत्र घेताना गळ्यात पडलेले सभासदत्व

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी व्यायामशाळा चालवतो आणि प्रामुख्याने पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची मुले तयार करतो. हाती रीतसर प्रमाणपत्र असावे म्हणून सोयाबीनच्या पैशातून एका खासगी संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. तक्रार प्रलंबित असल्याने संस्थेचे नाव देत नाही. तिची पद्धत मात्र आपल्या भागातील मुलांना कळायला हवी.

फोनवरच्या समुपदेशकाने शुल्क १८,५०० रुपये सांगितले आणि व्यावसायिक सभासदत्व, विमा व नोकरीसाठी साहाय्य हे सारे त्यासोबत मोफत असल्याची ग्वाही दिली. (विम्याची पॉलिसी आजतागायत दृष्टीस पडलेली नाही.) पैसे भरताना यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याची, परवानगी मागण्यात आली, ती केवळ पडताळणीसाठी आहे असे सांगून. प्रत्यक्षात सभासदत्व पहिल्या वर्षापुरतेच मोफत होते आणि वर्ष उलटताच खात्यातून ४,९९९ रुपये परस्पर वळते झाले. अशा कपातीपूर्वी किमान २४ तास सूचना द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसा संदेश आलाही, पण त्यात संस्थेऐवजी भलत्याच कंपनीचे नाव होते. मी यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी रद्द केली, तेव्हा संस्थेचे उत्तर आले की आता प्रमाणपत्रही रद्द समजावे. प्रमाणपत्राच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'सभासदत्व चालू असेपर्यंत वैध' अशी ओळ खरोखरच छापलेली आहे.

त्या कागदावर 'आंतरराष्ट्रीय मान्यता' ठळक आहे, परंतु मान्यता कोणी दिली याचा उल्लेख नाही. आपल्याकडे फिटनेस ट्रेनरचे कौशल्य अभ्यासक्रम क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत चालतात आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरमध्ये कोणालाही पाहता येतात. पैसे भरण्याआधी तेथे अभ्यासक्रमाचे नाव शोधावे. आमचा तेथे नाही.

परतावा मागितल्यावर संस्थेने आणखी एक युक्तिवाद पुढे केला : तुम्ही व्यावसायिक आहात, म्हणून ग्राहक ठरत नाही. हे मला मान्य नाही, कारण अभ्यासक्रम मी स्वयंरोजगारातून उदरनिर्वाहासाठी घेतला होता, व्यापारी हेतूने नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार संस्थेचे कार्यालय परराज्यात असले तरी तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ती ऑनलाइन दाखल होते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. माझ्या बाबतीत संस्थेचा फोन त्यानंतरच आला. तक्रार मागे घेतल्यास पुढील वर्षाचे सभासदत्व मोफत देऊ, असा त्यांचा प्रस्ताव होता. तो नाकारून मी यवतमाळच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.