शॅडो रिंग: वडोदऱ्याच्या अगाशीवर नऊ महिने

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दांडिया बाजारातल्या आमच्या अगाशीवर दोन पायरॅनोमीटर, म्हणजे उन्हाची तीव्रता मोजणारी उपकरणं, बसवली. एक उघडा, सगळं ऊन मोजणारा. दुसरा शॅडो रिंगच्या, म्हणजे सूर्य झाकणाऱ्या कड्याच्या, सावलीत, थेट ऊन वगळून फक्त आकाशभर विखुरलेला प्रकाश मोजणारा. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मुलांच्या प्रकल्पांसाठी खरे आकडे हवेत म्हणून हा खर्च केला. सूर्यामागे मोटारवर फिरणारा ट्रॅकर यापेक्षा अचूक असतो, पण तो माझ्या आवाक्यातला नव्हता.

रिंगची कल्पना फार सुरेख आहे. कड्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे, वडोदऱ्याच्या अक्षांशाएवढा म्हणजे 22.3 अंश उचललेला. त्यामुळे दिवसभर सूर्य कड्याआडूनच चालतो आणि मोटारशिवाय सेन्सर सावलीत राहतो. मात्र सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं उत्तर-दक्षिण अंतर, बदलते तसं कडं हाताने सरकवावं लागतं. डिसेंबरात आठवडाभर हात लावला नाही तरी चाललं. मार्चमध्ये क्रांती रोज जवळजवळ 0.4 अंशाने बदलते, तेव्हा दिवसाआड वर जावंच लागलं. एकदा चार दिवस लग्नाला गेले आणि ते चारही दिवस आकड्यांतून काढून टाकावे लागले. सावली नुसत्या सेन्सरवर पडून भागत नाही, बाहेरचा काचेचा घुमट पूर्ण झाकला पाहिजे. घुमटाच्या कडेला उन्हाची नखाएवढी चकाकी दिसली तरी आकडा वर जातो.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणात, तर वेगळंच झालं. 14 जानेवारीला दुपारी आलेख एकदम उभा चढला. वर जाऊन बघते तर कटलेल्या पतंगाचा मांजा कड्याच्या दांड्यात अडकलेला, आणि कडं ओढलं जाऊन तिरकं झालेलं. शेजारचा मुलगा भिंतीवरून म्हणाला, "काकू, ओढू का?" ओढला असता तर घुमटावर ओरखडा गेला असता. मीच कात्रीने हळूहळू कापून काढला. वडोदऱ्यात ज्यांना हे बसवायचं असेल त्यांनी सणाचे दोन दिवस उपकरण झाकूनच ठेवावं.

आता मुख्य गोष्ट. कडं सूर्याला झाकतं तसा आकाशाचा एक पट्टाही झाकतं, म्हणून आलेला आकडा वाढवून घ्यावा लागतो. बसवून देणाऱ्यांनी कागदावर 1.07 एवढंच लिहून दिलं. हा गुणक ऋतूप्रमाणे बदलतो हे सांगितलं नाही, आणि मीही सात महिने तोच वापरला. याचं मला फार वाईट वाटतं, कारण मुलांनी त्याच आकड्यांवर अहवाल लिहिले होते.

चूक सापडली ती पावसामुळे. जुलैत एक दिवस आभाळ काळंकुट्ट भरलेलं, कुठेही सावली पडत नव्हती. अशा वेळी थेट ऊन शून्य असतं, म्हणजे दोन्ही उपकरणांनी एकच आकडा दाखवायला हवा. उघड्यावर 164 वॉट प्रति चौरस मीटर आणि रिंगखाली 146. त्याला 1.07 ने गुणलं तर 156. रात्री कड्याने झाकलेल्या आकाशाची भरपाई काढणारं ड्रमंड यांचं 1956 सालचं सूत्र घेऊन बसले. माझं कडं 5 सेंटिमीटर रुंद, त्रिज्या 25 सेंटिमीटर. डिसेंबरात वाढ 7 टक्क्यांच्या आत येते, मार्च-एप्रिलमध्ये 13-14, जुलैत साडेबारा. 146 ला 1.125 ने गुणलं आणि 164 आले. त्या रात्री नीट झोप लागली.

तरी हे सूत्र सगळं आकाश सारखंच उजळ आहे असं धरतं. निरभ्र दिवशी सूर्याभोवतीचं आकाश जास्त तेजस्वी असतं आणि नेमकं तेच कड्याआड जातं, म्हणून स्वच्छ दिवसांचे आकडे अजून थोडे कमीच पडतात. मी ते तशी नोंद करूनच ठेवते.

दुसरी काळजी रात्रीच्या आकड्यांची. निरभ्र रात्री घुमट आकाशाकडे उष्णता टाकतो आणि आकडे नोंदणाऱ्या लॉगरवर उणे 3, उणे 4 दिसतात. हीच घट दिवसाही असते. भर उन्हाच्या 800-900 वॉटमध्ये ती जाणवत नाही, पण हिवाळ्यात विखुरलेला प्रकाश जेमतेम 90 असताना 4 वॉट म्हणजे फार झाले. उणे आकडे शून्य करून टाकू नका, ते जपून ठेवा.

सफाई रोज सकाळी, डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ सुती कापड. मे महिन्यात धुळीमुळे दोनदा. पावसाळ्यात उपकरणातलं ओल शोषणारं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की लगेच बदलते.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याकडून कड्याची रुंदी आणि त्रिज्या लेखी मागून घ्यावी, गुणक आपला आपण काढावा. मी जुने सगळे महिने पुन्हा मोजून मुलांना नवे तक्ते दिले आहेत. आता सप्टेंबर लागलाय, क्रांती परत धावायला लागली आहे, त्यामुळे सकाळी चहाआधी अगाशीवर जाऊन कडं सरकवणं सुरू झालं आहे.